बारदानाची कडी

"श्वास सोड. हात खाली. हलू नोको."

मी नुसत्या चड्डीवर, अनवाणी, काट्याच्या लोखंडी पाटावर उभा होतो. भोवती हरभऱ्याच्या पोत्यांच्या थप्प्या, आणि समोर दांडीवरचं पितळी वजन बोटाच्या टोकानं पुढेमागे सरकवणारे माझे बाबा. दांडी वर गेली, खाली आली, मधोमध थरथरून थांबली. बाबांनी आकडा वाचला. पितळी वजन शून्यावर नेलं आणि पहिल्यापासून पुन्हा तोललं.

"उतर," ते म्हणाले. "आता चढ."

तिसऱ्यांदाही दांडी तिथंच थांबली.

"त्रेपन्न आठशे. काल किती होतं?"

"चोपन्न नऊशे."

"एका दिवसात अकराशे ग्रॅम उतरला तू." बाबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. नवीन माल यार्डात आला की ते असंच पाहत. "सरांनं मीठ बंद केलं, त्याचा गुन हाय हा. मिठानं आंगात पानी राह्यते. गेलं पानी." आणि त्यांचा हात माझ्या घामेजल्या खांद्यावर पडला. "शाब्बास."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. वीस वर्षांच्या आयुष्यात बाबांनी मला शाब्बास म्हटल्याचं मला आठवत नव्हतं.

ही सत्त्याऐंशी सालच्या एप्रिलमधली गोष्ट. वऱ्हाडातल्या आमच्या गावात त्या वर्षी पहिल्यांदाच विभागाच्या बॉक्सिंग स्पर्धा व्हायच्या होत्या. त्याआधी गावानं कुस्त्या पाहिल्या होत्या, कबड्डी पाहिली होती, एकदा हेलिकॉप्टरही पाहिलं होतं. बॉक्सिंग मात्र फक्त सिनेमात. तेव्हा गावचा पोरगा रिंगणात उतरणार म्हटल्यावर पानठेल्यापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळे माझे जाणकार झाले होते. मी चोपन्न किलोच्या गटात होतो. वजनाला काटा चोपन्नच्या वर एका केसानं जरी गेला तरी बाहेर, लढत नाही. जिंकणारा पुण्याच्या शिबिराला जाणार होता. पण खरं सांगायचं तर मला पुण्यापेक्षा पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीची जास्त काळजी होती. त्या खुर्चीवर बाबा येऊन बसतील का, एवढाच प्रश्न होता.

कारण त्या हिवाळ्यात तीन-चार महिने आम्ही बापलेक बोलतच नव्हतो.

बाबा, म्हणजे संपत तायडे, मार्केट यार्डात मापारी होते. लिलाव झाला की माल पोत्यांत भरायचा आणि मापाऱ्यानं तोलायचा. शेतकऱ्याला वाटतं व्यापारी तोलात मारतो, व्यापाऱ्याला वाटतं शेतकरी ओला माल घालतो, आणि दोघांच्या मध्ये उभा असतो मापारी. पहिल्या पोत्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही त्या धंद्याची रीत. बाबा 'लाभ' म्हणाले की अख्खी शेड गप्प होई. सव्वीस वर्षांत त्यांच्या तोलावर कुणी पुन्हा तोल मागितला नव्हता, आणि याचा त्यांना इतका अभिमान होता की घरात माय पीठ मळायला घ्यायची तेव्हाही ते आपले, पाव कमी झालं म्हणून सांगायचे. त्यांना वाटे मीही मापारी व्हावं. दिवाळीला त्यांनी लायसनचा अर्ज आणून माझ्यापुढे ठेवला. मी सही केली नाही.

"तोंडावर बुक्क्या खायले मेहनत करतं," ते म्हणाले, "अन् बसून तोलायचं काम नोको तुले." आणि बोलणं बंद. दोन खोल्यांच्या घरात आम्ही एकमेकांना ओलांडून राहिलो.

आम्हाला पुन्हा जोडलं ते पहुरकर सरांनी. सर रेल्वे पोलिसातून निवृत्त झालेले, गावाबाहेरच्या एका रिकाम्या गोदामात आम्हा सहा-सात पोरांना शिकवत. सरकी भरलेलं एक पोतं छताला टांगलेलं, तीच आमची बॅग. शिस्तीला कडक, पण त्यांच्याकडे वजनाचा काटा नव्हता. मला ते स्टेशनवरच्या नाणं टाकायच्या यंत्रावर उभं करत. ते यंत्र दर वेळी वेगळं वजन सांगे आणि तिकिटामागचं भविष्य मात्र दर वेळी तेच, 'लवकरच परदेशगमनाचा योग'. शेवटी फेब्रुवारीत वैतागून सर यार्डात आले आणि बाबांसमोर उभे राहिले.

"तायडे, तुमचा पोरगा तोलून द्याल का रोज? गावात खरा काटा तुमचाच, असं ऐकतो."

बाबांनी उपरण्यानं हात पुसले. "मानूस नाई तोलला मी आजवर," ते म्हणाले. "पन माल कोनताई असो, वजन ते वजनच. संध्याकायी धाडजा."

तेव्हापासून रोज यार्ड बंद झालं की मी काट्यावर. पहिले काही दिवस बाबा नुसता आकडा सांगत, तोही पोत्याचा सांगावा तसा, माझ्याकडे न बघता. मग हळूहळू एखादा शब्द जास्त. "आज भाकर किती खाल्ली?" "तुहा गुडघा कावून सुजला?" "त्या सरले सांग, धावायले लावते तर जोडे तरी दे म्हना." मार्च संपेपर्यंत आम्ही तोल झाल्यावर थप्पीला टेकून पाच-दहा मिनिटं बसू लागलो. ते मला मालाच्या गोष्टी सांगत, मी त्यांना डावा हात कसा मारतात ते सांगे. एकदा त्यांनी कुणी बघत नाही असं पाहून हवेत एक डावा मारूनही पाहिला. चुकीचा होता. मी सांगितलं नाही.

आणि मग ती शाब्बासकीची संध्याकाळ. स्पर्धेला आठ दिवस होते आणि काटा मला आताच चोपन्नच्या आत दाखवत होता.

"आता वजनाची कायजी सोड," बाबा म्हणाले. "आता ताकद पायजे. उपाशी बैल कितीक ओढते?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या धोतराच्या ओच्यातून माझ्यासाठी काही ना काही निघू लागलं. उकडलेलं अंडं. केळं. कागदात गुंडाळलेला खारकेचा तुकडा. आणि सगळं मोजून, कारण मापाऱ्याचा हात तो. आधी मला तोलायचं, मग उरलेल्या जागेइतकं खायला घालायचं. मी नको म्हणे, ते ऐकत नसत. मी त्या आठवड्यात पहाटे दुप्पट धावत होतो, अंगावर दोन स्वेटर घालून. माय म्हणे, हा पोट्टा उन्हाळ्यात थंडीनं मरून रायला. बाबांना वाटे हा स्पर्धेचा उत्साह.

वजनाच्या आदल्या संध्याकाळी काट्यानं त्रेपन्न दोनशे दाखवले. बाबा इतके खूश झाले की त्यांनी मला पाटावरून उतरूच दिलं नाही, तिथंच बसवलं. शेजारी छोटा तराजू मांडला. मायनं दिलेला डबा उघडला.

"आठशे ग्रॅमची जागा हाय तुह्यात," ते म्हणाले. "शंभर हातचे ठेवू. सातशे घेऊ."

पाव लिटर दूध. दोन केळी सोलून, तोलून. आणि मायनं तुपात परतलेला शिरा, तराजूच्या पारड्यात पळसाचं पान ठेवून त्यावर मोजलेला. सरावाच्या पट्ट्या माझ्या हातांना तशाच होत्या. बाबांनी शिऱ्याचा घास केला.

"तोंड उघड."

"बाबा, नोको. भूक नाई मले."

"भूक नाई म्हन्ते. गाल पाह्य तुहे, आत गेले. उघड तोंड."

मी उघडलं. त्यांनी सगळा शिरा मला त्यांच्या हातानं भरवला, शेवटचा कणही पानावर ठेवला नाही. शेडमध्ये उन्हाची तिरपी पट्टी आली होती आणि तिच्यात हरभऱ्याची धूळ उडत होती. एवढ्या वर्षांनंतर लढतीतले ठोसे मला नीट आठवत नाहीत. त्या शिऱ्यातली वेलची आठवते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वेटर घालून निघालो तर बाबा दारातच. धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा. "आता कायले धावतं? आंगातली ताकद आंगात राहू दे. चाल, मी येतो संगं." ते माझ्याबरोबर शाळेपर्यंत चालत आले, वाटेत भेटेल त्याला, "पोट्ट्याचं वजन हाय आज," असं सांगत. जणू माझी मुंज होती.

वजन शाळेच्या हॉलमध्ये सात ते आठ. माझ्या गटात दोघंच होतो, मी आणि मेळघाटातल्या धारणीचा सुखराम भिलावेकर. त्यामुळे आमची थेट अंतिम लढत. सुखराम तोलला गेला, त्रेपन्न सहाशे. मग मी पाटावर चढलो. अमरावतीहून आलेल्या पंचांनी चष्मा वर केला.

"तायडे, चोपन्न सहाशे. जास्त आहे. आठपर्यंत वेळ आहे, उतरवता आलं तर बघा."

"पुन्हा पाहा साहेब," बाबा मागून म्हणाले.

पंचांनी पुन्हा पाहिलं. तेच.

"साहेब, तुमचा काटा खोटा हाय."

पहुरकर सरांनी बाबांचा दंड धरला. "तायडे, वाद घालू नका, वेळ जातोय."

"वाद नाई घालत. काल खाऊ घालून मी सोता तोलला. त्रेपन्न नऊशे. रात्रीतून मानूस कमी भरते, जास्त कसा भरन? सव्वीस वर्षं तोलून रायलो मी." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मान ताठ झाली होती. "सरकारी शिक्क्याची वजनं आनतो. तुमच्याच पाटावर ठेवतो. मंग सांगा."

आणि ते कुणाची वाट न पाहता सायकलवर निघाले. सरांनी मला मैदानात पिटाळलं. मी स्वेटर घालून फेऱ्या मारू लागलो. सुखराम कुंपणाच्या भिंतीवर बसला होता. तिसऱ्या फेरीला त्यानं हात करून मला थांबवलं आणि खिशातून चिंचेचा गोळा काढून दिला.

"तोंडात धर. थुंकत राय. उतरते."

"तुले काय पडलं?" मी धापा टाकत म्हटलं. "मी वजनात नाई बसलो तर तू फुकट जिंकला."

"इतक्या लांबून आलो," तो म्हणाला. "कोनासंग लढू मंग?"

बाबा वीस मिनिटांनी परतले. सायकलच्या कॅरिअरला विसाची दोन वजनं, दहाचं एक, दोन-दोनची दोन. चोपन्न किलो लोखंड ढकलत आणलं होतं त्यांनी, टोपी भिजून कपाळाला चिकटली होती. एकेक वजन त्यांनी हॉलमधल्या पाटावर स्वतःच्या हातानं ठेवलं. पंचांनी दांडी सोडली. ती चोपन्नवर मधोमध थांबली, जराही इकडेतिकडे झाली नाही.

बाबा बघत राहिले. मग त्यांनी आपला उजवा हात वर केला आणि अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली, काहीतरी बारीक उचलताना घासतात तशी. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी फक्त तेव्हा एकदाच पाहिलं आहे.

"सर," ते हळूच म्हणाले. "कडी."

"कसली कडी?"

ते सांगायला त्यांना दोन वाक्यं लागली. पोत्यातला माल तोलताना पोत्याचं, म्हणजे बारदानाचं, किलोभर वजन वजा धरायचं असतं. दर वेळी वजाबाकी नको म्हणून दांडीच्या टोकाच्या हुकात तारेची एक कडी अडकवलेली असते. दहा ग्रॅमची कडी, पण तिथं अडकवली की पाटावरचा एक किलो काटा मोजतच नाही. माझा तोल करताना बाबा रोज ती कडी काढून खुंटीला लावत. पुढं हरभऱ्याची आवक वाढली, रोज हजार पोती येऊ लागली, आणि एका संध्याकाळी कडी काढायची राहिली. मग राहूनच गेली.

"मानसाले बारदान नसते," बाबा म्हणाले. "आठ दिवस बारदान कापलं मी याचं."

पहुरकर सरांच्या तोंडून एक रेल्वेतली शिवी निघाली. मग घड्याळ पाहून ते म्हणाले, "पस्तीस मिनिटं आहेत."

शाळेसमोर फुटाणेवाल्याची भट्टी होती. बाबांनी त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, त्यानं मला भट्टीच्या आडोशाला जागा दिली. बाबांनी माझ्या अंगाला दोन पोती गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि हातात दोरी दिली. मी उड्या मारू लागलो. बाबा समोर उकिडवे बसून मोजत होते, "लाभ, दोन, तीन," मोठ्यानं, यार्डात मोजत तसे. रस्त्यावर माणसं थांबली. गावातल्या सगळ्यात चोख मापाऱ्याचा पोरगा पोत्यात घालून भाजला जातोय, हे पाहायला कुणी थांबणार नाही? एकानं विचारलंसुद्धा, "काय तायडे, भाव काय?" बाबांनी मान वर केली नाही. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते भट्टीमुळे आहे असं मी स्वतःला समजावत राहिलो.

आठला दोन मिनिटं कमी असताना मी पाटावर चढलो.

"चोपन्न," पंच म्हणाले. "बसला."

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर अख्खं गाव लोटलं होतं. बाबा पहिल्या रांगेत होते, पण खुर्चीवर बसले नाहीत, खुर्चीच्या मागे उभे राहिले. पहिली फेरी माझी. माझा डावा सुखरामच्या कपाळावर असा बसला की गाव उठून उभं राहिलं. दुसरी बरोबरीची. तिसऱ्या फेरीत माझे पाय संपले. मेंदू सांगे सरक, पाय म्हणत उद्या बघू. सुखरामनं मला नीट, शांतपणे, एकेक करून मारलं. पाच पंचांपैकी तिघांनी त्याला दिलं, दोघांनी मला. त्यानं मला मिठी मारली तेव्हा त्याच्या तोंडाला चिंचेचा वास येत होता.

घरी जाताना बाबा अर्ध्या वाटेत थांबले.

"तुले दिसली नाई काय रे ती कडी?"

"नाई," मी म्हणालो.

"हं. दिसली असती तर बोलला असता तू." आणि ते चालू लागले.

दुसऱ्या दिवशी लिलावाआधी यार्डात व्यापारी, अडते, हमाल, शेतकरी जमले असताना बाबा काट्यापाशी उभे राहून म्हणाले की माझ्या पोराला धारणीवाल्यानं नाही, माझ्या काट्यानं हरवलं. कुणाला पुन्हा तोल हवा असेल त्यानं बेशक मागावा. कुणीही मागितला नाही. पण त्या दिवसापासून बाबा प्रत्येक पोतं दोनदा तोलू लागले. हमाल वैतागत, त्यांना 'दुबार तायडे' म्हणत, तोंडावरसुद्धा. मी पुढं राखीव पोलिसात गेलो, तिथं बरीच वर्षं खेळलो, काही पदकंही आली. सुट्टीत घरी यायचो तेव्हा मुद्दाम यार्डाकडे जात नसे.

बाबा निवृत्त झाले त्या आठवड्यात मी रजा काढून आलो. दुपारी ते ओसरीवर तूर निवडत बसले होते. मी शेजारी बसलो. नऊ वर्षं मनात दडवलेलं एका दमात बाहेर काढलं.

"बाबा, ती कडी मले दिसली होती."

त्यांचा हात सुपात थांबला. "कवा?"

"पयल्याच दिवशी. तुमी शाब्बास म्हनले त्याच दिवशी. दांडीले लटकून होती. मी सांगनारच होतो."

"मंग?"

"तुमी खांद्यावर हात ठेवला." तिशीकडे झुकलेला पोलिसातला गडी मी, माझा आवाज फाटला. "वाटलं, सांगतलं तर पुन्हा बोलनं बंद होईन. वाटलं, तो एक किलो मीच धावून उतरवीन, तुमाले कळनार बी नाई. उतरवत आनलाबी होता. पन तुमी रोज खायले आनत होते. मले नोको म्हनता येत नोतं."

"शिराबी?"

"शिराबी. एकेक घास खाताना ठाऊक होतं मले, उद्या बसत नाई मी."

बाबांनी तुरीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. मी मान खाली घालून बसलो होतो. ते काहीही बोलले असते, हात उगारला असता, तरी मी खाऊन घेतलं असतं.

"नऊ वर्षं," ते म्हणाले, "एकेक पोतं दोनदा तोललं रे मी."

"हो बाबा."

"रोज वाटे, आपल्या हातानं आपल्या पोट्ट्याले पाडलं." त्यांनी सूप बाजूला सरकवलं. "अन् तू तर जानून खाल्लं?"

"जानून खाल्लं."

त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि सोडला. मला वाटलं, आता रागावतील. पण ते आत वळून मायला हाक मारू लागले. आवाज असा मोकळा, की माय हातातलं काम टाकून धावत आली.

"ऐकलं काय वं? याले ठाऊक होतं सगळं. सोताच्या मनानं खाल्लं यानं. सोताच्या मनानं हरला." आणि माझ्याकडे वळून, डोळे पुसत, हसत म्हणाले, "बरं झालं बापा. लय बरं झालं."